एक श्वास आधी

नव्या नाटकाच्या नेपथ्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं, तेव्हा सगळी मंडळी त्याच्याभोवती वाकून उभी राहिली. मधोमध रंगमंच आणि तिन्ही बाजूंनी प्रेक्षकांच्या खुर्च्या. रंगमंचावर एका म्हाताऱ्या घड्याळजीचं दुकान. कुठे आडपडदा नाही की आडोसा नाही. कुणी म्हणालं छान आहे, कुणी म्हणालं वेगळं आहे. कुजबूज मावशी मात्र मॉडेलमध्ये आपलं स्टूल शोधत होत्या.

त्यांचं स्टूल विंगेत असायचं, रंगमंचाच्या कडेला, पडद्याआडच्या अंधारात. तिथे मांडीवर संहिता घेऊन मावशी तीस वर्षं बसल्या होत्या. नट वाक्य विसरायला लागला की त्या ते अलगद त्याच्या कानात सोडत, पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागणार नाही इतकं अलगद. म्हणून तर त्यांचं नाव कुजबूज मावशी पडलं. पण ज्या रंगमंचाला तिन्ही बाजूंनी माणसं, त्याला विंग कुठली? आणि विंगच नाही तर प्रॉम्प्टरने बसायचं कुठे?

"सर, मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

दिग्दर्शक "हूं" म्हणाले. ते बहुतेक गोष्टींना हूंच म्हणत, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हुंकार म्हणायचे. त्यांचा रागाचा हूं वेगळा, खुशीचा वेगळा, चहा हवा असला की आणखी वेगळा. मावशींना ते सगळे ओळखू येत. हा अडचणीत सापडलेल्या माणसाचा हूं होता.

"माझ्या खुर्चीत बसा," कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावरून आवाज आला.

बोलली ती प्रकाशवाली. नाटकातले दिवे कुठे टांगायचे, कधी लावायचे, कधी विझवायचे, हे सारं ती ठरवायची आणि प्रयोगात दिवे चालवायचीही तीच. "मला सातवा लागलाय," पोटावर हात ठेवून ती म्हणाली. "नाटक लागेल तेव्हा नववा असेल. वरच्या खोलीचा जिना म्हणजे शिडीच आहे. दिवे मी आखून देते, पण प्रयोगाला वर कुणीतरी हवं. नाटक तोंडपाठ असलेलं."

"अगं, मला घरचा रिमोट चालवता येत नाही."

"रिमोट बिघडलाय तो," मागून राजे म्हणाले. "गेली दोन वर्षं सांगतोय."

राजे म्हणजे मावशींचे यजमान. तरुणपणी त्यांनी इतक्या राजांच्या भूमिका केल्या की नावच पडलं. आता या नाटकात ते घड्याळजी होणार होते. राजांचा आवाज अजून खणखणीत होता. स्मरणशक्ती मात्र पहिल्यापासून गळक्या बादलीसारखी. ते रंगमंचावर आणि मावशी विंगेत नाहीत, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

दिग्दर्शकांनी मावशींकडे पाहिलं, प्रकाशवालीकडे पाहिलं आणि त्यांच्या मानाने लांबलचक भाषण केलं. "रंगीत तालमीपर्यंत जमलं, तर तुम्ही. नाही जमलं, तर बाहेरचा माणूस बोलावू."

बाहेरचा माणूस आला, तर पहिल्या प्रयोगाला आपण घरी. आणि हे एकटे उभे राहणार, तिन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर. मावशींनी पदर खोचला.

"जिना दाखव," त्या म्हणाल्या.

ती खोली प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, छताला डोकं टेकवून बसलेली होती. समोर मोठी काच. काचेतून सारा रंगमंच ताटात वाढल्यासारखा दिसे, आणि खालचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येई. काचेला लागून टेबल आणि टेबलावर ते यंत्र, कन्सोल. वर दोन पडदे, मध्ये बटणंच बटणं, खाली ओळीने सरकते दांडे. दांड्याला फेडर म्हणतात. तो वर सरकवला की दिवा उजळतो, खाली ओढला की मावळतो. खुर्चीचं एक चाक अडकलेलं होतं. ती डावीकडे गुमान वळे, उजवीकडे वळायचं तर बसणाऱ्याला आधी उठावं लागे.

"हात लावा," प्रकाशवाली म्हणाली.

"मोडलं तर?"

"माझ्या भाच्याने त्याच्यावर सरबत सांडलंय. तरी चालतंय. लावा."

मावशींनी एक फेडर दोन बोटांनी धरला आणि जरासा वर नेला. दूर, खाली, रिकाम्या दुकानाच्या खिडकीत उजेड फुटला. मावशींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. उजेड तसाच राहिला. त्यांनी पुन्हा फेडर धरला, खाली आणला, वर नेला, पुन्हा खाली आणला.

"पुढे काय?"

"पुढे काही नाही. आज एवढंच. एकेक दिवा लावायचा, तो कुठे पडतो ते बघायचं, विझवायचा. सगळे ओळखीचे झाले की मग पुढचं."

शिकवणारा असा भेटायला भाग्य लागतं. मावशींनी त्या दिवशी चाळीस दिवे लावले आणि विझवले. अकरा नंबरचा दरवाज्यावर पडायचा, चौदाचा खिडकीतून दुपारच्या उन्हासारखा यायचा, सतरा घड्याळांच्या फळीवर. एकोणीस सगळ्यात छोटा. तो कोपऱ्यातल्या एका लहान स्टुलावर पडायचा आणि बाकी कुठेच नाही. नाटकात घड्याळजीची मुलगी लहानपणी त्या स्टुलावर बसायची. मोठी झाल्यावर भांडून निघून गेली. शेवटी सगळं अंधारात बुडतं आणि त्या स्टुलावर तेवढा उजेड राहतो. एकोणीस नंबरला साऱ्या नाटकात काम एकदाच होतं.

"माझ्यासारखंच आहे बिचारं," मावशी म्हणाल्या. "अडल्यावरच आठवण यायची."

मग क्यू आले. दिव्यांचं एक चित्र मनासारखं जमलं की रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि चित्राला नंबर द्यायचा. तो झाला एक क्यू. असे क्यूमागून क्यू यंत्रात भरून ठेवायचे. प्रयोगात फक्त ते मोठं गो बटण दाबायचं, की यंत्र या चित्रावरून पुढच्या चित्रावर जातं.

"म्हणजे ही पण संहिताच," मावशी म्हणाल्या. "माणसांच्या वाक्यांची नाही, उजेडाच्या वाक्यांची."

"हे मी शाळेत असते तर फळ्यावर लिहिलं असतं," प्रकाशवाली म्हणाली.

प्रत्येक क्यूला नावही देता येई. मावशी एका बोटाने अक्षरं शोधून टंकत. प्रकाशवालीची नावं 'दुपार', 'संध्याकाळ', 'रात्र' अशी असायची. मावशींनी ती खोडली आणि ज्या वाक्यावर क्यू यायचा ते वाक्यच लिहिलं. 'किल्ली कुठे ठेवलीस', 'हे घड्याळ माझं नाही', 'दार वाजलं का'. पडदा वाचला की आख्खं नाटक कानात वाजू लागे.

दहा-बारा क्यू भरून झाले आणि घोडं अडलं. घड्याळजी रात्री एकटा बसलेला असतो, त्या क्यूवर गो दाबलं. दुकानात चांदण्याचा निळसर अंधार पसरला, आणि खिडकीत रणरणती दुपार.

"हे काय," मावशी म्हणाल्या. "मी तर चांदणं भरलं होतं."

"भरलंय की. दिसतंय."

"मग ऊन कुठून आलं?"

"शोधा," प्रकाशवाली म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीत मागे रेलून डबा उघडून खाऊ लागली.

मावशींनी शोधलं. त्या क्यूमध्ये काही सापडेना. मागच्यात नाही, त्याच्या मागच्यात नाही. एकेक पाऊल मागे जात त्या नवव्या क्यूपाशी पोचल्या. तिथे त्यांनीच चौदा नंबर लावला होता. दुपारचा प्रवेश संपला, नवं चित्र आलं, आता जुनं आपोआप पुसलं जाईल असं त्या धरून चालल्या होत्या. विझ म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आज्ञाधारक पोर आहे हे," प्रकाशवाली घास गिळून म्हणाली. "बस म्हटलं की बसतं. ऊठ म्हणेपर्यंत उठत नाही, मग घर पडलं तरी. तुम्ही सांगितलेलं तुम्ही विसराल, ते विसरणार नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या नेमकं उलट."

प्रकाशवाली इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. "आतला पण हसतोय," ती म्हणाली. "याला जन्मायच्या आधीच दिवे लावता येणार." त्या दिवसापासून मावशी प्रत्येक क्यू भरताना पुटपुटत, "लावलं ते विझवलं का?" आणि मगच रेकॉर्ड दाबत.

नट मंडळींसोबत तालीम सुरू झाली तेव्हा मात्र मावशींचं धाबं दणाणलं. भरायचं काम त्या शिकल्या होत्या. दाबायचं काम जमेना.

दुसऱ्या अंकात घड्याळजीची मुलगी परत येते. ते काम करणारी नटी सगळ्यांत लहान, तिला छोटी म्हणत. छोटीने दार वाजवायचं, राजांनी मान वळवायची आणि दारावर उजेड यायचा. पण मावशींनी गो दाबलं आणि दारावर उजेड आधी आला. उजेड आला म्हणून राजांनी मान वळवली. मग छोटीने दार वाजवलं.

"बाबांना आधीच कसं कळलं?" दाराआडून छोटीने विचारलं.

"हूं," दिग्दर्शक म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "उजेडाला आधी कसं कळलं?"

पुन्हा केलं. पुन्हा आधी. पुढचा क्यू, तोही आधी. प्रॉम्प्टरचं सारं कसब आधी असण्यातच असतं. नट थांबला, लोकांना ते कळलं, आणि मग तुम्ही वाक्य दिलंत, तर त्या वाक्याला काय चाटायचं आहे? मावशींना नटाच्या खांद्यांवरून कळे की आता वाक्य निसटणार, आणि त्याने श्वास पुरता घ्यायच्या आत यांचे ओठ हललेले असत. तीस वर्षं त्यांचे कान, ओठ, हात, सगळे एक श्वास पुढे राहत आले होते. आता हात म्हणत होता, हीच वेळ. आणि ती वेळ नव्हती.

"तुमचा उजेड म्हणजे उतावळा नवरा झालाय," प्रकाशवाली म्हणाली.

मावशींनी हात मांडीखाली दाबून धरला. मग तो बाहेर येईपर्यंत उशीर झाला. राजे मिट्ट अंधारात दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याला थांबून, जुन्या नाटकातला दरबारी आवाज काढून म्हणाले, "प्रधानजी, आम्ही भूत आहोत काय?"

सगळे हसले. मावशीही हसल्या, पण त्यांचे कान तापले होते. दिग्दर्शक हसले नाहीत. "शनिवारी रंगीत तालीम," ते म्हणाले. "बघू."

घरी जाताना राजे-मावशी नेहमीसारखे चालत निघाले. दुकानांची दारं उघडी होती, शाळा सुटलेली पोरं सायकलींवरून घंट्या वाजवत जात होती.

"सोड ते," राजे म्हणाले. "तू आपली प्रेक्षकांत बस. पहिल्या रांगेत."

"आणि तिथून कुजबुजू?"

"नुसती बस. बघ नवऱ्याचं काम एकदा समोरून."

"आणि विसरलात तर?"

"विसरेन. त्यात काय मोठंसं."

सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, पण शेवटच्या शब्दाला त्यांचा श्वास आखूड पडला. हा श्वास मावशींच्या चांगला ओळखीचा होता. माणूस घाबरला होता. त्या जरा भराभर चालू लागल्या.

"अगं, हळू. दम लागला मला. लग्न झाल्यापासून बघतोय, तू आपली अर्धं पाऊल पुढे."

"तुम्ही हळू चालता."

"मी हळूच चालणार. तू पुढे जाणार आणि त्या कोपऱ्यावर उभी राहून माझी वाट बघणार. रोजचंच आहे. म्हणून तर घरी एकत्र पोचतो आपण."

मावशी थांबल्या. कोपरा अजून लांब होता, तरी थांबल्या.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"कोपरा," मावशी म्हणाल्या.

"कसला कोपरा?"

"पुढे जायला हरकत नाही. कोपऱ्यावर थांबलं पाहिजे."

"तेच तर म्हणतोय मी," राजे म्हणाले. आपण काय म्हणालो हे त्यांना अजिबात कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशवाली जिना चढून, धापा टाकत वर आली, तेव्हा मावशी आधीच खुर्चीत होत्या. "मला सांग," त्या म्हणाल्या, "मी बटण दाबलं, आणि या पोराला सांगितलं की लगेच पळू नकोस, कोपऱ्यावर एक श्वास थांब आणि मग जा. ऐकेल का?"

प्रकाशवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. "त्याला डिले म्हणतात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एवढं काही आपल्याला लागणार नाही. म्हणून शिकवलंच नाही मी." आणि तिने पडद्यावरचा एक चौकोन दाखवला. क्यूच्या नावाशेजारी होता, इतके दिवस रिकामा. तिथे आकडा भरला की गो दाबल्यावर यंत्र तेवढा वेळ थांबतं आणि मग दिवे बदलायला लागतं.

"किती भरू?"

"ते मला कसं कळणार? श्वास तुम्हाला माहिती."

मग दोघींनी मिळून ते काम केलं, आणि मावशींच्या आयुष्यात इतकं मजेचं काम क्वचितच आलं असेल. सगळ्या क्यूंना एकच आकडा चालेना, कारण सगळ्यांचा श्वास एक नव्हता. राजे रागाच्या वाक्याआधी घागर भरावी तसा लांब श्वास घेत. तिथे मावशींचा हात फार आधी उठे, तिथे डिले मोठा. छोटी श्वास न घेताच बोलायची. तिथे जेमतेम पाव सेकंद. घड्याळजी रडायला येतो तिथे राजे नाकाने श्वास घेत, तो ऐकूच येत नसे, फक्त खांदा दिसे. तालीम चालू असताना मावशी दाबत, उजेड कधी आला ते बघत, आणि मध्यंतर झालं की आकडा थोडा वाढवत, थोडा घटवत. स्वेटर विणताना मापाला माणूस समोर उभा करावा, तसं त्यांनी प्रत्येकाच्या श्वासाचं माप घेतलं. हात तसाच ठेवला, जसा तीस वर्षं होता.

शनिवारच्या रंगीत तालमीत छोटीने दार वाजवलं, राजांनी मान वळवली आणि दारावर उजेड आला, जणू त्या वाजण्यातूनच सांडला. शेवटचा क्यू झाला. एकोणीस नंबर स्टुलावर एकटा तेवला आणि विझला.

"हूं," दिग्दर्शक म्हणाले.

प्रकाशवालीने मावशींचं मनगट धरलं. "हा कुठला?"

"चांगला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला होता. "चांगल्यातला चांगला."

पहिला प्रयोग आठ दिवसांनी, रविवारी दुपारी. प्रकाशवालीला आता जिना बंद होता. ती शेवटच्या रांगेत, वरच्या काचेच्या बरोबर खाली बसली. मावशी वर निघाल्या तेव्हा राजे खोट्या दाढीला पावडर लावून घेत होते. आरशातूनच म्हणाले, "वरून मी दिसतो का तुला?"

"एवढेसे दिसता. बोटाएवढे."

"विसरलो तर?"

"विसरू नका."

"हा काय उपाय झाला का?" राजे म्हणाले. पण मावशींकडे दुसरा नव्हता. त्या जिना चढून वर गेल्या, खुर्ची डावीकडून वळवून बसल्या आणि गो बटणावर हात ठेवला.

पहिला अंक लोण्यासारखा गेला. मावशी एक श्वास आधी दाबत होत्या, यंत्र कोपऱ्यावर थांबत होतं आणि उजेड नटांच्या हातात हात घालून पोचत होता. लोक हसायच्या जागी हसले. दुसऱ्या अंकात बाविसावा क्यू झाला. छोटी बापाशी पुन्हा भांडून दार आपटून गेली आणि राजे दुकानात एकटे उरले. आता त्यांनी फळीवरून एक घड्याळ उचलायचं, कानाला लावायचं आणि म्हणायचं, "त्या स्टुलावर बसून ती पाय हलवायची. घड्याळाच्या तालावर." तिथून पुढे नाटकातलं सगळ्यात मोठं स्वगत.

राजांनी घड्याळ उचललं. कानाला लावलं. आणि मावशींना तो खांदा दिसला.

त्यांचे ओठ हलले. "त्या स्टुलावर," त्या म्हणाल्या, अगदी अलगद, तीस वर्षांच्या सवयीने. शब्द काचेवर आदळले, काचेवर वाफेचा एक लहान ठिपका उमटला, आणि बस. खाली राजे घड्याळ कानाला लावून उभे होते. लोकांना अजून कळलं नव्हतं. लोकांना वाटत होतं, म्हातारा घड्याळ ऐकतोय. पण मावशींना माहीत होतं की घड्याळ किती वेळ ऐकता येतं, आणि त्यानंतर काय होतं.

राजांनी मान वर केली. त्यांनी विंगेकडे पाहिलं. तिथे विंग नव्हती. तिथे माणसं होती.

मावशींचा डावा हात उठला. तो हात काही विचारायला थांबला नाही. त्याला ठाऊक होतं कुठे जायचं ते. पहिल्या दिवशी त्याने चाळीस दारं ठोठावली होती. एकोणीस नंबरचा फेडर. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि वर नेऊ लागल्या. झटकन नाही. विंगेतून वाक्य सोडत तसा, पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागणार नाही इतका अलगद.

कोपऱ्यातलं लहान स्टूल अंधारातून थोडं थोडं वर आलं.

राजांची नजर भिरभिरत होती, ती तिथे पडली. क्षणभर तिथेच राहिली. मग त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी श्वास घेतला, लांब, घागर भरावी तसा.

"त्या स्टुलावर बसून ती पाय हलवायची," राजे म्हणाले. "घड्याळाच्या तालावर."

आणि ते त्या स्टुलाकडे चालत गेले. हे तालमीत कधी नव्हतं. घड्याळ हातात घेऊन ते स्टुलासमोर उकिडवे बसले, लहान मुलीशी बोलावं तसे त्या रिकाम्या उजेडाशी बोलू लागले, आणि सारं स्वगत एका दमात, एकही शब्द न सांडता म्हणाले. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटच्या रांगेत प्रकाशवालीने मान वळवून वर काचेकडे पाहिलं. तिला सगळे क्यू पाठ होते. हा त्यांत नव्हता.

स्वगत संपत आलं. मावशींचा उजवा हात तेविसाव्या क्यूसाठी उठला, आणि त्या पुटपुटल्या, "लावलं ते विझवलं का?"

नव्हतं विझवलं. हा दिवा त्यांनी हाताने लावला होता. यंत्राला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ऊठ म्हणेपर्यंत ते पोर तिथेच बसून राहणार होतं, पुढच्या प्रवेशाच्या भर सकाळी, शेवटपर्यंत. राजे उठले, स्टुलाकडे पाठ करून फळीकडे निघाले. त्यांच्या पावलांच्या चालीने मावशींनी डाव्या हाताने फेडर खाली आणला. राजे फळीपाशी पोचले तेव्हा स्टूल अंधारात गेलं होतं. त्यांनी घड्याळ जागेवर ठेवायला हात उचलला. त्याच्या एक श्वास आधी मावशींनी गो दाबलं. घड्याळ फळीवर टेकलं आणि सकाळ झाली.

शेवटी एकोणीस नंबर पुन्हा लागला, या वेळी आपल्या ठरलेल्या जागी. सगळं बुडालं आणि स्टूल उरलं. मग तेही विझलं. लोक उठून उभे राहिले. तिन्ही बाजूंनी टाळ्या येत होत्या आणि राजांना कुठल्या बाजूला वाकून नमस्कार करावा हे कळत नव्हतं, म्हणून ते स्वतःभोवती फिरत होते. वर मावशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना उजवीकडे वळायचं होतं, पण त्यासाठी आधी उठावं लागलं असतं. त्या एकट्याच हसत बसल्या.

खाली आल्या तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी प्रकाशवाली आणि दिग्दर्शक उभे होते.

"एकोणीस नंबर," दिग्दर्शक म्हणाले. "दुसऱ्या अंकात."

"हो सर. माझ्या हातून गेला."

"हूं." हा हूं मावशींनी कधी ऐकला नव्हता, त्यांना त्याचा अर्थ लागेना. "शेवटी दिवा लागला ना," दिग्दर्शक सावकाश म्हणाले, "तेव्हा लोकांना तो ओळखीचा होता. आधी एकदा भेटला होता. शेजारची बाई रडत होती. महिनाभर मी शोधत होतो, शेवट कोरडा का जातोय." ते थांबले. एवढं बोलून त्यांनाच दम लागला असावा. "रेकॉर्ड करा तो."

"बावीस आणि तेवीसच्या मध्ये जागा कुठे आहे?" मावशी म्हणाल्या. "पुढचे सगळे नंबर बदलावे लागतील."

"काही बदलायचं नाही," प्रकाशवाली म्हणाली. "साडेबावीस म्हणा त्याला. यंत्राला चालतं."

"साडेबावीस," मावशी म्हणाल्या, आणि नव्या बाळाचं नाव उच्चारून बघावं तसं पुन्हा एकदा म्हणाल्या, "साडेबावीस."

तेवढ्यात राजे आले. अर्धी दाढी निघालेली, अर्धी तशीच. ते मावशींसमोर उभे राहिले आणि बराच वेळ त्यांना बोलायला सुचेना. मावशींनी वाक्य दिलं नाही. वाट पाहिली.

"अगं," शेवटी राजे म्हणाले, "आज किती मोठ्याने सांगितलंस. साऱ्या हॉलला दिसलं."

"कुणाला कळलं का पण?"

"छे. कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एकट्याच वर गेल्या. एकोणीस नंबर हळूहळू वर आणला, रेकॉर्ड दाबलं, नंबर दिला. पुढच्या क्यूमध्ये तो विझतो ना, ते तपासलं. नावाच्या जागी एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, 'त्या स्टुलावर बसून ती'. मग डिलेच्या रिकाम्या चौकोनावर बोट थांबलं. मावशींनी डोळे मिटले, खांदा आठवला, तो श्वास आठवला, आणि आकडा शून्यच ठेवला. हा दिवा राजांच्या आधीच पोचायला हवा होता.